प्रेम लोगोवर, कोटेशन तिघांचे: सोलापुरातून पहिली लक्झरी स्पोर्ट सेडान घेताना

सोलापुरात साठ-सत्तर लाखांची गाडी घेणारा माणूस बहुधा गाडी मनात ठरवून झाल्यावरच चौकशीला निघतो. मेव्हण्याकडे मर्सिडीज असते, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सीनियर डॉक्टरांची बीएमडब्ल्यू उभी असते, नाहीतर वडील कधीतरी बोलून गेलेले असतात, "घ्यायची तर हीच." त्यानंतरची चौकशी म्हणजे झालेल्या निर्णयाला साक्षीदार गोळा करणे. हा लेख त्याच्या अलीकडे थांबलेल्यांसाठी आहे: या वर्गातली पहिलीच गाडी, स्वतः चालवायची हौस, आणि पैसा स्वतःच्या कष्टाचा. शीर्षकातले तिघे म्हणजे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि ऑडी.

एवढ्या पैशात मोठी एसयूव्ही येते, मग सेडान कशाला, हा प्रश्न घरातून येणारच. उत्तर चालवण्यात आहे. सेडान जमिनीलगत बसते, वळणावर कमी झुकते, वेगात घट्ट वाटते. ज्याला यातले काही नको त्याने खुशाल एसयूव्ही घ्यावी आणि पुढचे वाचू नये.

आधी स्वतःची निष्ठा तपासा

ब्रँडवरचे प्रेम दोन तऱ्हेचे असते. एक अनुभवाचे: त्या कंपनीची गाडी तुम्ही सहा-सात वर्षे वापरली, कोणता भाग कधी कुरकुरतो ते माहीत आहे, वर्कशॉपमधला सल्लागार तुमचा फोन उचलतो. याला खरोखर पैशांत किंमत आहे. दुसरे ऐकीव: "मर्सिडीज म्हणजे मर्सिडीज," "बीएमडब्ल्यूच्या स्टिअरिंगला तोड नाही." ही वाक्ये खोटी असतातच असे नाही, पण ती कोणत्या सालच्या, कोणत्या मॉडेलबद्दल आहेत हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आणि गोम तिथेच आहे. लोगो तोच राहतो, त्याच्यामागची गाडी बदलते. बीएमडब्ल्यूची ओळख मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांची. पण त्याच लोगोची टू सिरीज ग्रान कूपे पुढच्या चाकांवर चालते. मर्सिडीजच्या सी-क्लासची सर्वांत तिखट आवृत्ती सी६३ वर्षानुवर्षे आठ सिलिंडरच्या इंजिनासाठी ओळखली गेली. नव्या पिढीत तिथे चार सिलिंडरचे दोन लिटरचे इंजिन आणि विजेची मोटर आली. ताकद ६८० अश्वशक्तीपर्यंत वाढली, तरी जुने भक्त आवाजासाठी हळहळले. ऑडीने २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर भारतात डिझेल सोडले, म्हणजे "ऑडीचे डिझेल काय पळते" हे कौतुक नव्या गाडीला लागूच होत नाही. जग्वार एक्सई आणि व्होल्वो एस६० या दोन्ही चांगल्या गाड्या होत्या, पण भारतातल्या यादीतून गेल्या. मॉडेल बंद झाले की सेकंड-हँड बाजारात गिऱ्हाईक लगेच सावध होते, आणि त्याचा फटका ब्रँडला नाही, मालकाला बसतो.

शिवाय आतले सामान पुष्कळदा वाटून घेतलेले असते. २०२१ मध्ये आलेल्या ऑडी ए४ चे दोन लिटरचे १९० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि त्या वेळच्या स्कोडा सुपर्बचे इंजिन एकाच घराण्यातले, ३२० न्यूटन मीटरचा टॉर्कही सारखाच. बीएमडब्ल्यूचे सहा सिलिंडरचे इंजिन टोयोटाच्या सुप्रातही बसते. बीएमडब्ल्यूतला आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स झेडएफ या कंपनीचा, आणि जग्वारलाही त्याच कंपनीचा. टॉवेलचा व्यापारी लेबल वाचून थांबत नाही, जीएसएम म्हणजे कापडाचे चौरस मीटरमागचे वजन विचारतो आणि कापड चिमटीत धरून बघतो. इथेही बोनेटखाली काय आहे हे विचारायला लाजू नका. ए४ आणि सुपर्ब म्हणजे एकच गाडी, असा याचा अर्थ नाही. सस्पेन्शन, आवाज अडवण्याची मेहनत, दार बंद होतानाचा ठोका, रंगाचा थर, यात फरक असतो आणि त्याचेच पैसे जातात. तो फरक तुम्हाला जाणवतो का आणि त्याची किंमत तुमच्या लेखी किती, एवढेच तुम्ही ठरवायचे आहे.

माझे मत सांगून टाकतो. निष्ठा ठेवायला हरकत नाही, पण ती फुकट देऊ नका. जुन्या ग्राहकाला कंपन्या लॉयल्टी बोनस देतात, जुनी गाडी दिली तर एक्स्चेंज बोनस वेगळा. तुमच्या प्रेमाची रक्कम कोटेशनवर छापून आली तर प्रेम दोन्हीकडून आहे असे समजावे.

मग आपला रस्ता कागदावर मांडा

ब्रोशर उघडण्याआधी एका महिन्याचा प्रवास लिहून काढा. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडवर घर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखाना, अधूनमधून चिंचोळी, संध्याकाळी सात रस्ता, महिन्यातून दोनदा पुणे, कधी हैदराबाद, दर्शनाला तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. बहुतेकांचा कागद असाच दिसेल: रोज छोट्या फेऱ्या आणि मधूनच एक लांबचा पल्ला.

याचा पहिला परिणाम इंधनावर. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी इंजिन गरम होऊन काही वेळ सलग चालावे लागते. रोज पाच-सात किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की काजळी साठते आणि डॅशबोर्डवर दिवा पेटतो. त्यामुळे सी-क्लासमधल्या सी२२०डी सारखी डिझेल ज्याची पुण्याची फेरी दर आठवड्याला आहे त्याने घ्यावी. तिला ॲडब्लू नावाचे द्रावणही अधूनमधून भरावे लागते. रोजची फेरी गावातच असेल तर पेट्रोल बरे. महाराष्ट्रात पेट्रोलचा रोड टॅक्सही कमी आहे, त्याचा हिशेब पुढे येतो.

दुसरा परिणाम ताकदीवर. बीएमडब्ल्यूची एम३४०आय ताशी शंभरचा वेग ४.४ सेकंदांत गाठते, त्यांचीच ३३०एलआय ६.२ सेकंदांत आणि मर्सिडीजची सी२०० सुमारे ७.३ सेकंदांत, असे कंपन्यांचे आकडे आहेत. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावर कारला कमाल वेग ताशी १०० किलोमीटर. ऊसतोडीच्या हंगामात मोहोळच्या पुढे रात्री काय परिस्थिती असते ते सोलापूरकराला सांगायला नको: दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, रस्त्यावर सांडलेला ऊस. तिथे पिकअपपेक्षा ब्रेक आणि हेडलाइट उपयोगाला येतात. हे सगळे कळूनही सहा सिलिंडरचा आवाज ऐकून एम३४०आय घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या, हौसेला मोल नसते. फक्त ती हौस आहे, गरज नाही, हे घरी प्रामाणिकपणे सांगा.

तिसरा परिणाम टायरवर. या वर्गातल्या अनेक गाड्यांना, विशेषतः बीएमडब्ल्यूला, रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर चालतात. मोहोळजवळ पंक्चर झाले तर गाडी सोलापूर गाठते, इंदापूरजवळ झाले तर नाही. शोरूममध्ये विचारा: डिकीत स्टेपनी आहे का, असली तर पूर्ण मापाची की बारीक, आणि त्या मापाचा टायर सोलापुरात मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो?

तिघांची तोंडओळख

बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज १९७५ पासून आहे. मर्सिडीजने तिला उत्तर म्हणून १९८२ मध्ये १९० काढली, तिचीच पुढे १९९३ मध्ये सी-क्लास झाली. ऑडीची ए४ १९९४ ची. इतकी वर्षे तिघी एकमेकींकडे बघत वाढल्या, त्यामुळे आज यातली एकही वाईट गाडी नाही. स्वभाव मात्र वेगळे.

थ्री सिरीजच्या दोन आवृत्त्या म्हणजे जवळजवळ दोन वेगळ्या गाड्या समजा. ३३०एलआय लांबवलेली आहे, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २,९६१ मिलिमीटर, साध्या थ्री सिरीजपेक्षा ११० ने जास्त, आणि तो सगळा वाढावा मागे बसणाऱ्यांच्या पायांना मिळतो. आई-वडील मागे बसणार असतील तर या वर्गात मला हीच पटते. एम३४०आय आखूड, चारही चाकांना ताकद देणारी, चालवणाऱ्याची गाडी. दोन्हींची जुळणी चेन्नईच्या कारखान्यात होते.

सी-क्लास चाकणला बनते. २०२२ मध्ये आलेल्या पिढीचा आतला थाट एस-क्लासवरून उचलला आहे: मधोमध उभा मोठा पडदा, रात्री रंगीत दिव्यांच्या रेषा. पाहुणे सर्वांत जास्त याच गाडीत बसल्यावर बोलतात. तिचा खरा गुण मात्र लांबच्या प्रवासातला मऊपणा आहे. खोट एकच सांगतो, एसीसकट बहुतेक गोष्टी पडद्यावर बोट लावूनच करायच्या. खडबडीत रस्त्यावर नेम धरून बोट लावणे वैतागवाणे होते. नव्या बीएमडब्ल्यूतही हीच रड आहे.

ऑडी ए४ पुढच्या चाकांवर चालते, म्हणून 'स्पोर्ट' या शब्दावर अडून बसणारे तिला नाक मुरडतात. पण तिघींत ती स्वस्त, एसीला हाताने फिरवायची बटणे, आतली जुळणी अगदी नेटकी. तिची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. परदेशात ऑडीने पेट्रोल ए४ च्या जागी ए५ हे नाव आणले आहे, तेव्हा आताची पिढी जुनी ठरते आहे हे लक्षात ठेवून भाव करा.

या तिघींच्या बाहेरही बघा. लेक्सस ईएस ३००एच हायब्रीड आहे, स्पोर्ट म्हणवत नाही, पण ज्याला कटकट नको त्याने तिचा विचार करावा. बीवायडी सील ही विजेवरची सेडान मार्च २०२४ मध्ये ४१ लाखांपासून आली; तिची सर्वांत वरची आवृत्ती ३.८ सेकंदांत शंभर गाठते आणि तेव्हा तिचा भाव ५३ लाख होता. केवळ वेग विकत घ्यायचा तर जर्मन लोगोसाठी किती जादा मोजतो आहोत ते या एका उदाहरणावरून कळते. घरी चार्जर बसवायची सोय नसेल तर मात्र हा विषय इथेच सोडा.

वर्कशॉप किती लांब आहे?

पुण्यातल्या मित्राचा सल्ला सोलापूरकराला जसाच्या तसा लागू पडत नाही तो इथे. सोलापूरचे बहुतेक मालक अधिकृत सर्व्हिससाठी पुणे गाठतात. एका बाजूने सुमारे अडीचशे किलोमीटर, वाटेत सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे टोल. नेहमीची सर्व्हिस वर्षातून साधारण एकदाच, ती जमते. त्रास होतो तो अधलेमधले काम निघाल्यावर: एक सेन्सर, एक दिवा, एक आवाज. सकाळी गाडी दिली, दुपारी फोन आला की पार्ट मागवावा लागेल, मग एक मुक्काम किंवा रिकाम्या हाताने शिवशाहीने परत.

म्हणून ब्रँडच्या आधी वर्कशॉप निवडा असे मी म्हणेन. तिन्ही डीलरांना हेच प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरही ईमेलनेच घ्या. गाडी सोलापुरातून घेऊन जाऊन परत आणून द्याल का, पैसे किती? ड्रायव्हर चालवत नेणार की फ्लॅटबेड ट्रकवर चढवून? रस्त्यात बंद पडली तर रोडसाइड असिस्टन्स किती किलोमीटरपर्यंत फुकट ओढून नेते? काम लांबले तर बदली गाडी मिळते का? तोंडी "हो सर, काहीच प्रॉब्लेम नाही" याला किंमत शून्य.

सोलापुरात याच ब्रँडची गाडी तीन-चार वर्षे वापरणारे दोघे-तिघे शोधा. डॉक्टरांच्या आयएमएच्या कार्यक्रमात, व्यापाऱ्यांच्या चेंबरच्या बैठकीत, लग्नाच्या हॉलबाहेर सहज सापडतात. त्यांना मायलेज विचारू नका. शेवटचे बिल किती आले आणि गाडी किती दिवस अडकून होती, हे विचारा. गाडी आवडते का, असे विचारले तर प्रत्येक जण हो म्हणतो, इतके पैसे घातल्यावर दुसरे काय म्हणणार!

वॉरंटीतही फरक आहे. मर्सिडीजची मूळ वॉरंटी तीन वर्षांची, बीएमडब्ल्यूची दोन वर्षांची, दोन्हींना किलोमीटरचे बंधन नाही. लेक्ससने २०२४ पासून आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देऊ केली आहे. वाढीव वॉरंटी मूळची संपायच्या आत घ्यावी लागते आणि माझ्या मते या गाड्यांत ती ऐच्छिक नाहीच. टर्बो, गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट, ॲडॅप्टिव्ह दिवे, यातले एक जरी गेले तरी बिल लाखांत जाते. मात्र उंदरांनी कुरतडलेल्या वायरी वॉरंटीत येत नाहीत. बंगल्याच्या पोर्चमध्ये उघडी गाडी लावणाऱ्यांनी विम्याच्या माणसाला हा प्रश्न वेगळा विचारावा.

आता आकडे

समजा एक्स-शोरूम भाव ६० लाख. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. आधी २८ टक्के आणि वर सेस मिळून मोठ्या सेडानवर तो ४८ टक्क्यांपर्यंत जायचा. म्हणजे ६० लाखांतले सुमारे १७ लाख १४ हजार जीएसटीचेच.

त्यावर रोड टॅक्स. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या गाडीला वैयक्तिक नावावर पेट्रोलसाठी १३ टक्के, डिझेलसाठी १५ टक्के. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. ६० लाखांवर हे अनुक्रमे ७ लाख ८० हजार, ९ लाख आणि १२ लाख होतात. "कंपनीच्या नावावर घे, टॅक्स वाचतो" असे सांगणारे पेट्रोल गाडीवरचा हा ४ लाख २० हजारांचा फरक सांगत नाहीत. धंद्यासाठी वापरल्यास आयकरात घसारा वर्षाला १५ टक्के मिळतो, कर्जाचे व्याजही खर्चात धरता येते. पण गाडीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट सामान्य व्यावसायिकाला मिळत नाही. भागीदारी फर्म असेल तर रोड टॅक्सचा दर कोणता लागेल ते सीएशी बोलून मगच नाव ठरवा. बिल फाटल्यावर नाव बदलणे म्हणजे डोकेदुखी.

दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यामार्फत आगाऊ घेतलेला आयकर, कापतात, इथे ६० हजार. हा खर्च नाही, रिटर्न भरताना वळता होतो. पॅन नीट द्या आणि सीएला आठवण करा, कित्येक जण हे पैसे विसरून जातात. विमा धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत ७०-७१ लाख होतात.

पुढचा आकडा कोटेशनवर नसतो आणि तोच सर्वांत मोठा असतो. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरतात. बाजारभाव यापेक्षा वर-खाली होतो, पण अंदाजाला हे कोष्टक पुरते. पाच वर्षांत ६० चे ३० झाले. रोड टॅक्स परत येत नाही, ते ७ लाख ८० हजार. दोन्ही मिळून ३७ लाख ८० हजार, भागिले साठ महिने: महिन्याला ६३ हजार रुपये, गाडी नुसती दारात उभी असली तरी. पेट्रोल, टायर, विमा, सर्व्हिस वेगळे.

कर्ज काढले तर त्यावर व्याज. ५० लाख, ९ टक्के, पाच वर्षे असा हप्ता साधारण १ लाख ३ हजार ८०० येतो आणि एकूण व्याज सव्वाबारा लाखांच्या घरात जाते. शोरूम याच ठिकाणी कमी हप्त्याची योजना पुढे करते. त्यात शेवटी एक मोठी रक्कम शिल्लक ठेवलेली असते, किंवा ठरलेल्या भावाला गाडी परत घेण्याची हमी असते. ज्याला दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलायची आहे त्याला ही हमी खरोखर उपयोगी पडते. पण किलोमीटरची मर्यादा, ओरखड्यांची वजावट, आणि पुढची गाडी त्याच ब्रँडची घेण्याची अट आहे का, या तीन ओळी शोधून वाचा. तिसरी अट असेल तर तुमची पुढची निष्ठा आजच विकली गेली.

दोन-तीन वर्षे जुनी घ्यावी का?

पहिल्या मालकाने सोसलेली घट तुम्हाला फुकट मिळते, एवढ्यासाठी तरी हा पर्याय एकदा बघावा. तिन्ही कंपन्यांचे स्वतःचे तपासलेल्या जुन्या गाड्यांचे विभाग आहेत: बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, ऑडी अप्रूव्ड प्लस. तिथे भाव थोडा चढा, पण वॉरंटी आणि सर्व्हिसची नोंद मिळते. बाहेरून घेणार असाल तर चॅसिस नंबरवरून सर्व्हिसचा पूर्ण इतिहास आणि विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. डिकीच्या तळाचा गालिचा उचला. वॉरंटी संपलेली, सात-आठ वर्षांची, पंधरा लाखांत मिळणारी जर्मन गाडी सोलापुरात पोसणे हे नवख्याचे काम नाही, कितीही चकचकीत असो.

टेस्ट ड्राइव्ह सोलापुरातच

पुण्यात बाणेरच्या गुळगुळीत रस्त्यावर वीस मिनिटे चालवून काही कळत नाही. गंभीर गिऱ्हाईक दिसले तर डीलर डेमो गाडी सोलापूरला आणतात, आग्रह धरा. जमल्यास एप्रिल-मे मधली दुपार निवडा. पारा ४२ च्या पुढे असताना तासभर उन्हात उभी केलेली गाडी किती वेळात थंड होते, मागच्या सीटवर गार वारा पोहोचतो का, काचेच्या छतातून डोके तापते का, हे त्याच वेळी समजते.

चार मोठी माणसे बसवा आणि आपल्या गल्लीतल्या त्या बेकायदा, उंच गतिरोधकावरून न्या. तळ घासला तर रोज घासणार. लांब व्हीलबेसच्या गाडीत हे जास्त बघा. आईला किंवा वडिलांना चढ-उतार करायला सांगा, गुडघ्याचे दुखणे असेल तर सेडानची खोल सीट जड जाते. मग तुळजापूरच्या दिशेने जा. पंचेचाळीस किलोमीटरच्या त्या वाटेवर सरळ पट्टाही आहे आणि घाटही, स्टिअरिंगचा स्वभाव घाटात कळतो. परतताना अंधार पडू द्या आणि हेडलाइट बघा. तिन्ही गाड्या शक्यतो एकाच आठवड्यात चालवा. महिन्याचे अंतर पडले की आठवण लोगोकडे झुकते.

कोटेशन आणि घासाघीस

तिन्हींची कोटेशने एकाच तारखेची, एकाच नमुन्यात मागा: एक्स-शोरूम, सूट, लॉयल्टी किंवा एक्स्चेंज बोनस, रोड टॅक्स, टीसीएस, विमा, वाढीव वॉरंटी, सर्व्हिस पॅकेज. 'हँडलिंग चार्जेस' अशी ओळ दिसली तर ती काढायला सांगा. एकाच ब्रँडच्या दोन वेगळ्या डीलरांचीही घ्या. तुमचा ब्रँड ठरलेला असला तरी इतर दोन कोटेशने खिशात असू द्या. मनातले ठरले आहे हे सेल्समनला कळले की सूट तिथेच थांबते.

विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचे दोन दर काढा, झिरो डेप्रिसिएशन (क्लेममध्ये सुट्या भागांची घट न कापणे), इंजिन प्रोटेक्शन आणि रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाइतकी भरपाई) ही तीन कव्हरे दोन्हीकडे धरूनच तुलना करा. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस, जो जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत जातो, तो गाडीचा नसून तुमचा असतो. जुनी गाडी देताना त्याचे प्रमाणपत्र घ्या आणि नव्या विम्यात लावा. ब्रँड बदलला म्हणून तो बुडत नाही.

डिसेंबरात सूट घसघशीत असते, कारण जानेवारीत गाडी 'मागच्या वर्षाची' होते. विकताना गिऱ्हाईकही निर्मितीचे वर्षच विचारणार. दहा वर्षे वापरणाऱ्याने ही सूट डोळे झाकून घ्यावी, तीन वर्षांत बदलणाऱ्याने आकडेमोड करावी. आणि जानेवारीत भाव वाढतात हे सांगून घाई करतील, ते खरेही असते, तरी चार दिवस उशीर झाल्याने कुणाचे घर बुडाले नाही.

गाडी ताब्यात घेताना

पासिंग होण्याआधी, पूर्ण पैसे देण्याआधी, उजेडात गाडी बघा. फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचे कंपनीचे प्रमाणपत्र, त्यावर निर्मितीचा महिना बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. पुण्याहून घेत असलात तरी पत्ता सोलापूरचा असेल तर एमएच-१३ पासिंग हवे हे बुकिंगच्या वेळीच सांगा; आवडीच्या नंबरची फी लाखांत जाऊ शकते, तिचाही आकडा आधी काढा.

सिद्धेश्वराला किंवा तुळजापूरला पूजेला नेणार असालच. गुरुजींना एवढेच सांगा की पुढच्या बंपरवर आणि लोगोवर हळद-कुंकवाचा जाड थर नको. बऱ्याच गाड्यांत आपोआप ब्रेक लावणारा रडार तिथेच मागे बसवलेला असतो आणि तो झाकला गेला की डॅशबोर्ड तक्रार करू लागतो.

इनव्हॉइस, फॉर्म २२, वॉरंटीचे करारपत्र, प्रत्येक सर्व्हिसचे बिल एका फायलीत लावा. सर्व्हिसची नोंद आता संगणकात असते, तरी दर वेळी छापील प्रत मागून घ्या. कर्ज फिटले की बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसी बुकावरचा बोजा आरटीओत लगेच उतरवा. तो राहून गेला तर पाच वर्षांनी गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभे असेल आणि गाडी त्याच्या नावावर होणार नाही.